तिसरा साचा

१९२८ च्या सुरुवातीला मुंबईतल्या ससून गटाच्या गिरण्यांत कामाची नवी वाटणी लागू होऊ लागली. विणकर आजवर दोन साचे, म्हणजे माग, सांभाळत होता. त्यानं यापुढे तीन सांभाळायचे. सूतकताईच्या थ्रॉसल खात्यात एका बाजूवर काम करणाऱ्यानं दोन्ही बाजू बघायच्या. पगारात थोडी भर पडणार होती, पण वाढलेल्या कामाच्या मानानं ती तोकडी होती. शिवाय तिसरा साचा एकाच्या हाती गेला की त्या साच्यावरचा माणूस घरी बसणार हे सांगायला कुणाची गरज नव्हती. कामगार काम टाकून बाहेर पडले. कुणा पुढाऱ्याच्या हाकेची त्यांनी वाट पाहिली नाही; उलट गिरणगावात वजन असलेल्या जुन्या पुढाऱ्यांनी त्यांना सबुरीचाच सल्ला दिला.

भारतातल्या साम्यवादी चळवळीचा इतिहास आपण बहुधा ताश्कंद, कानपूर, मीरत असा सांगतो. परिषदा, ठराव, कट आणि खटले. त्यात चूक काही नाही, पण त्या इतिहासात चळवळ वरून खाली येताना दिसते. मला वाटतं, ती जमिनीला लागली ती या तिसऱ्या साच्यामुळे. लेनिनची चरित्रं वाचलेली चार-दोन तरुण डोकी मुंबईत आधीपासून होती. त्यांच्यामागे दीड लाख माणसं उभी राहिली ती १९२८ च्या सहा महिन्यांत. आणि या चळवळीचं मोठ्यात मोठं अपयशही त्याच वर्षी, त्याच साचाखात्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं.

मुंबईचा गिरणी कामगार तोवर मुका नव्हता. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्येच त्याला संघटित करायला सुरुवात केली होती, आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या प्रयत्नांतून. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. दूर युरोपात परागंदा असलेल्या लेनिननं त्या बंदची दखल घेऊन लिहिलं होतं. पण १९०८ चा बंद एका नेत्यासाठी होता, पगारासाठी नव्हे. पगाराचे लढे पेटले ते पहिल्या महायुद्धानंतर. युद्धकाळात मालकांनी अमाप नफा कमावला होता. पुढे जपानी कापड बाजारात आलं, रुपयाचा दर चढला, नफा आटला, आणि त्याची भरपाई मजुरीतून होऊ लागली. बोनस बंद झाला. त्याविरुद्धचा १९२४ चा संप फसला. १९२५ मध्ये साडेअकरा टक्के पगारकपात जाहीर झाली आणि सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत गिरण्या ठप्प झाल्या. शेवटी सरकारनं कापडावरची अबकारी जकात स्थगित केली, मालकांनी कपात मागे घेतली. कामगारांच्या लक्षात राहिलं ते एवढंच की दम धरला तर कपात मागे जाते. तीन वर्षांनी ही आठवण फार उपयोगी पडली.

संप संपल्यावर, १९२६ च्या जानेवारीत, ना. म. जोशींनी बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन स्थापन केली. जोशी भारत सेवक समाजाचे. सनदशीर, कागदपत्रांत चोख आणि मनानं सच्चे. त्यांच्याविषयी साम्यवाद्यांनी पुढे जे कडवट लिहिलं ते मला कधीच पटलेलं नाही. पण जोशींची युनियन कामगारांसाठी होती, कामगारांची नव्हती. दुसरं होतं गिरणी कामगार महामंडळ. ते कामगारांनीच उभारलेलं होतं आणि त्यात अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणीत राबलेले गृहस्थ होते. १९२८ च्या संपाच्या प्रश्नावर महामंडळात फूट पडली आणि आळवे बाहेर पडून साम्यवाद्यांच्या बाजूला आले. या एका घटनेला मी फार महत्त्व देतो. आळवे आणि ग. रा. कासले यांच्यासारखी गिरणीतली माणसं सोबत नसती, तर डांगे, मिरजकर, घाटे, निंबकर, जोगळेकर या साम्यवादी पुढाऱ्यांची भाषणं नुसती ऐकून सोडून दिली गेली असती.

श्रीपाद अमृत डांग्यांनी १९२१ मध्ये, जेमतेम विशी ओलांडलेली असताना, ‘गांधी विरुद्ध लेनिन’ हे इंग्रजी पुस्तक लिहिलं. पुढच्या वर्षी ‘सोशॅलिस्ट’ हे साप्ताहिक काढलं. १९२४ च्या कानपूर खटल्यात चार वर्षांची शिक्षा झाली आणि १९२७ मध्ये ते सुटले. ते तुरुंगात असतानाच १९२५ च्या डिसेंबरात कानपुरात कम्युनिस्ट पक्षाची पहिली परिषद भरली, आणि १९२७ च्या आरंभी मुंबईत कामगार-शेतकरी पक्ष स्थापन झाला. या पक्षाचं मराठी पत्र ‘क्रांती’. १९२८ च्या ३ फेब्रुवारीला सायमन कमिशन मुंबईत उतरलं तेव्हा गिरणगावातून निघालेल्या निषेधाच्या मिरवणुकीमागे याच पक्षाची मंडळी होती. आता पोलीसही त्यांची दखल घेऊ लागले होते.

तरी एप्रिल उजाडेपर्यंत सार्वत्रिक संपाविषयी त्यांच्यातही एकमत नव्हतं. पुढे या संपाचं श्रेय त्यांना मिळालं, दोषही त्यांच्याच माथी बसला. पण एका गिरणीतून दुसऱ्या गिरणीत पसरत गेलेला हा वणवा त्यांनी लावलेला नव्हता. वणव्याबरोबर धावायची तयारी मात्र फक्त त्यांच्याकडे होती, आणि लोकांनी तेवढंच पाहिलं. २३ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात एक कामगार मारला गेला. त्यानंतर दोन-तीन दिवसांत परळ, लालबाग, डिलाइल रोड, प्रभादेवी, शिवडी भागांतल्या जवळजवळ सगळ्या गिरण्यांचे भोंगे गप्प झाले. मे महिन्यात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन रीतसर स्थापन झाली. अध्यक्ष आळवे, सरचिटणीस डांगे. जोशींची युनियन आणि ही नवी युनियन यांची संयुक्त संप समिती बनली आणि तिनं सतरा मागण्या मांडल्या.

या मागण्या क्रांतीच्या नव्हत्या, पण मला त्या संपाच्या सर्व भाषणांपेक्षा बोलक्या वाटतात. मजुरीतली उघड आणि छुपी कपात रद्द करा. कामगारांना न विचारता कामाच्या पद्धतीत बदल करू नका. कापडात खोट निघाली म्हणून ते कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापू नका. संपात भाग घेतला म्हणून कुणाला काढू नका.

यातली छुपी कपात समजून घेण्यासारखी आहे. विणकराची मजुरी विणलेल्या कापडाच्या वजनावर ठरे, पौंडामागे इतकं. या काळात गिरण्या जाडंभरडं कापड सोडून तलम मालाकडे वळत होत्या. तलम कापडात त्याच लांबीला वजन कमी आणि कष्ट जास्त. कागदावर दर तसाच राही आणि महिन्याअखेर हातात येणारा पैसा कमी होई. कॉलेजात शिकलेल्या डांग्यांनी हे सगळं संपाच्या त्या महिन्यांत विणकरांकडून शिकून घेतलं: सुताचा नंबर, कापडाचा पन्हा, इंचातले धागे, पौंडाचा दर. पुढे चौकशी समितीसमोर मालकांच्या दरपत्रकातल्या कलमांवर युनियननं महिनोन् महिने बारकाईनं वाद घातला तो या शिदोरीवर. साम्यवादी आणि कामगार यांचं खरं नातं इथे जुळलं असं माझं मत आहे. एकाला मांडणी येत होती, दुसऱ्याला कापड कळत होतं.

दीड लाख माणसं सहा महिने पगाराशिवाय जगली कशी? याचं मोठं उत्तर पावसाळ्यात आहे. संप एप्रिलअखेर लागला. मुंबईचा गिरणी कामगार रत्नागिरीचा, साताऱ्याचा, घाटावरचा. त्याचं एक पाऊल गावातच असे. जूनच्या तोंडाशी हजारो कामगार बोटीनं, आगगाडीनं, काही पायीसुद्धा गावी गेले. पेरणी झाली, लावणी झाली, भाताचा एक हंगाम पदरात पडणार होता. मालकांची अटकळ होती की रिकामं पोट कामगाराला आठ-पंधरा दिवसांत दारात आणेल. पोटाची सोय गावाकडे होती हे त्यांच्या हिशेबात आलं नाही. जे मुंबईत राहिले त्यांचे मात्र हाल झाले. वाण्याची उधारी थांबली, पठाणाचं व्याज थांबलं नाही, चाळीचं भाडं थकलं. खानावळवाल्या बायांनी आपल्या गाळ्यातल्या माणसांना जमेल तोवर पोसलं. त्यांचीही पुंजी ती केवढी! संप समितीनं धान्य वाटलं. मदत देशातून आली, परदेशातल्या कामगार संघटनांकडून आली, आणि त्यातली ठळक रक्कम रशियातल्या कापड कामगारांच्या संघटनेनं पाठवलेली होती. सरकारनं त्या पैशाचा पुढे मीरत खटल्यात पुरेपूर वापर केला. भुकेल्या माणसाला आलेलं धान्य कुठल्या देशाचं, हा प्रश्न त्या वेळी डिलाइल रोडवर कुणाला पडला असेल असं वाटत नाही.

त्याच उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात गुजरातेत बारडोलीचा सत्याग्रह चालू होता. वल्लभभाईंच्या त्या लढ्याकडे सगळ्या देशाचं लक्ष होतं, आणि ते रास्तच होतं. पण मुंबईच्या दारातला संप त्याहून कितीतरी जास्त माणसांचा होता. राष्ट्रीय पुढाऱ्यांच्या लेखी त्याला बारडोलीचा मान कधीच मिळाला नाही. बारडोलीत समोर सरकार होतं. परळमध्ये समोर देशी गिरणीमालकही होते आणि त्यांतले काही राष्ट्रकार्याला देणग्या देणारे होते. काँग्रेस आणि डावे यांच्यातली पुढची पंचवीस वर्षांची ओढाताण या एका विरोधाभासात सामावलेली आहे.

ऑगस्टमध्ये मालकांनी पोलीस बंदोबस्तात एकेक गिरणी उघडून पाहिली. फारसं कुणी आत गेलं नाही. अखेर ४ ऑक्टोबरला समझोता झाला: वादाचे मुद्दे न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीकडे द्यायचे आणि तोवर कामावर जायचं. त्या वर्षी साऱ्या देशात औद्योगिक तंट्यांमुळे तीन कोटींवर कामाचे दिवस बुडाले; त्यांतला मोठा वाटा एकट्या या संपाचा.

आता साचाखात्याकडे येतो. ही हकिगत सांगितल्याशिवाय १९२८ ची गोष्ट सांगणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी घाली आणि तिचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून बाहेर काढी. दिवसातून असंख्य वेळा. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागे. म्हणून अस्पृश्य कामगारांना साचाखात्यात प्रवेश नव्हता. मालकांनी तशी बंदी घातली होती असं नाही. स्पृश्य विणकर त्यांना आत येऊ देत नसत. आणि साचाखातं हेच गिरणीतलं जास्त पगाराचं खातं. महार कामगार थ्रॉसलात आणि इतर हलक्या पगाराच्या खात्यांत अडकून पडलेले. वर्षभरापूर्वीच, १९२७ च्या मार्चमध्ये, महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याच्या स्पर्शाचा प्रश्न उभा राहिला होता. तोच प्रश्न परळमध्ये सुताच्या धाग्यावर उभा होता, फरक इतकाच की इथे दोन्ही बाजूंना कामगार होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा मुद्दा सरळ ठेवला. मालकांनी अन्याय केला म्हणून तुम्ही लढता, मग आपल्याच सोबत्यांवर चाललेला अन्याय मागण्यांत का नाही? ही मागणी घ्या, नाहीतर माझ्या लोकांना या संपाशी कर्तव्य नाही. पुढाऱ्यांनी ती मागणी घेतली, पण कुरकुरत. मालकांनी चौकशीत म्हणावं तसा विरोध केलाच नाही, कारण अडथळा त्यांचा नव्हता. फॉसेट समितीसमोर ती मागणी आली आणि तिथेच राहिली.

साम्यवादी पुढाऱ्यांची बाजू मी समजू शकतो, समर्थन करू शकत नाही. संपाचा कणा म्हणजे साचाखात्यातला मराठा विणकर. तोच सगळ्यांत आधी बाहेर पडे, सगळ्यांत शेवटी आत जाई. त्याच्या तोंडचा धोटा महाराच्या तोंडी लागू दे असं त्याला सांगायचं म्हणजे ऐन संपात फुटीची भीती. वर्ग एक झाला की जात आपोआप गळेल, असा त्यांचा मनापासूनचा विश्वासही होता. पण जे डांगे पौंडामागच्या पैचा हिशेब विणकरांकडून शिकले, त्यांना थ्रॉसलातल्या महार कामगाराकडून हाही हिशेब शिकता आला असता. तो शिकायला कुणी गेलं नाही. पुढच्याच वर्षी पुन्हा संप पुकारला गेला तेव्हा आंबेडकरांनी त्याला उघड विरोध केला, आणि तोवर युनियनला त्यांचं मन वळवण्याचा नैतिक अधिकार उरला नव्हता.

मधले सहा महिने, ऑक्टोबर १९२८ ते मार्च १९२९, मात्र या चळवळीच्या इतिहासातले सगळ्यांत जिवंत. युनियनचे सभासद काही शेकड्यांवरून वर्षअखेर पन्नास हजारांच्या पुढे गेले. गिरणीगणिक समित्या निघाल्या. तोवर कामगाराचं नशीब मुकादमाच्या हाती असे. नोकरी तोच लावी, त्याची दस्तुरी द्यावी लागे, बदलीवर उभं करायचं की नाही हे सकाळी दाराशी तोच ठरवी, कर्ज तोच मिळवून देई आणि अनेकदा चाळीतली खोलीही त्याच्याच वशिल्यानं मिळे. आता काही झालं की कामगार समितीकडे जाऊ लागला. कुणाला विनाकारण काढलं, कुणाचा दंड कापला, की खातं बंद पडे. मालकांना सगळ्यांत जास्त याचीच धास्ती वाटली. रशियन पैशापेक्षा कितीतरी जास्त. गिरणीत हुकूम कुणाचा चालतो, हा प्रश्न प्रथमच विचारला जात होता आणि तो कामगार विचारत होते.

१९२९ च्या फेब्रुवारीत मुंबईत भीषण दंगल झाली. संपकऱ्यांच्या जागी कामाला आणलेल्या पठाणांविषयीचा राग, मुलं पळवली जातात अशा अफवा, आणि मग सरळ हिंदू-मुसलमान कत्तल. युनियनचे लोक ती थोपवू शकले नाहीत. २० मार्चला देशभर एकाच वेळी धरपकड झाली. डांगे, मिरजकर, घाटे, निंबकर, जोगळेकर, आळवे, कासले, झाबवाला, गंगाधर अधिकारी, इंग्लंडहून आलेला बेन ब्रॅडली, पुण्याचे ठेंगडी: मुंबई प्रांतातली अख्खी फळीच मीरतला गेली. कटाचा खटला मुद्दाम मीरतला, कारण तिथे ज्यूरी लागत नव्हती आणि मुंबई, कलकत्त्याचा कामगार दूर होता. तो जवळजवळ चार वर्षं चालला. निकाल १९३३ च्या जानेवारीत लागला; डांगे आणि इतर काहींना बारा वर्षं काळं पाणी. त्याच वर्षी अलाहाबाद हायकोर्टानं शिक्षा खूपच कमी केल्या. ठेंगडी निकाल ऐकायला जिवंत नव्हते.

युनियन मागे उरलेल्या तरुणांच्या हाती आली, त्यांत भा. त्र्यं. रणदिवे आणि एस. व्ही. देशपांडे प्रमुख. २६ एप्रिल १९२९ ला त्यांनी पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला. माझ्या मते तो पुकारायला नको होता. कामगार आदल्या वर्षीच्या कर्जातून वर आलेला नव्हता, जाणते पुढारी तुरुंगात होते, जोशींची युनियन विरुद्ध होती, आंबेडकर विरुद्ध होते. सप्टेंबरपर्यंत तो विरघळला. सरकारी चौकशीनं सगळा ठपका युनियनवर ठेवला. हजारो सभासद गळाले. मॉस्कोहून आलेल्या नव्या धोरणानं उरलेल्यांना सुधारणावादी, काँग्रेसवाले सगळेच शत्रू ठरवायला शिकवलं, आणि त्याच सुमारास, १९२९ च्या अखेरीस नागपूरला, ट्रेड युनियन काँग्रेस फुटली. जोशी आपल्या संघटना घेऊन बाहेर पडले. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह पेटला तेव्हा लाल बावटा त्या प्रवाहापासून दूर उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी पन्नास हजारांची असलेली युनियन आता दोन गटांत एकमेकांशी भांडत होती.

ती उभी राहिली ती पुन्हा हळूहळू, १९३४ च्या संपानंतर आणि पक्षावर बंदी असतानाच. त्या घडामोडींत एक दिवस असा आला की तो १९२८ च्या संपाइतकाच महत्त्वाचा मानावा असं मला वाटतं. १९३८ मध्ये मुंबई प्रांतातल्या काँग्रेस मंत्रिमंडळानं औद्योगिक तंट्यांचं विधेयक आणलं. त्यानं संपाचा हक्क मोठ्या प्रमाणात बांधला जाणार होता. आंबेडकरांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा यांनी मिळून ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा बंद पुकारला. परळच्या कामगार मैदानावर अफाट सभा भरली. दहा वर्षांपूर्वी ज्यांना थ्रॉसलातल्या माणसाची मागणी कुरकुरत घ्यावी लागली होती, ते पुढारी त्या दिवशी आंबेडकरांच्या शेजारी एका मंचावर होते. पोलिसांनी त्या दिवशीही गोळ्या झाडल्या. विधेयक तरीही मंजूर झालं.

दोन पक्षांची ती युती पुढे टिकली नाही. युद्ध आलं आणि रस्ते वेगळे झाले. आणि साचाखात्यात महार विणकर सरसकट दिसायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. तेव्हाही तो कुठल्या संपाच्या कलमानं आत आला नाही, एकेका गिरणीत, एकेका साच्यावर, भांडत भांडत आला.